मुदपाकखान्यातला आरोपी

इंग्लंडमधल्या वेकफील्ड या गावी स्टॅनली रॉइड नावाचे मोठे मनोरुग्णालय होते. १९८४ च्या ऑगस्टअखेरीस, सोमवारच्या बँक हॉलिडेला जोडून आलेल्या सुट्टीत, तिथल्या काही वॉर्डांत रुग्णांना एकाएकी उलट्या-जुलाब सुरू झाले आणि पाहता पाहता साथ रुग्णालयभर पसरली. साडेतीनशेहून अधिक रुग्ण आणि शंभरावर कर्मचारी आजारी पडले. १९ रुग्ण दगावले, त्यांतले बहुतेक वयोवृद्ध होते. सॅल्मोनेला जातीच्या जंतूने घात केला होता आणि तो पोटात गेला होता संध्याकाळच्या जेवणात वाढलेल्या गोमांसाच्या थंड कापांतून. मांस चांगले भाजलेले होते, म्हणजे मूळचे जंतू भट्टीतच मेले असणार. पण त्याच मुदपाकखान्यात कच्च्या कोंबड्याही साफ होत होत्या. चौकशीचा निष्कर्ष असा निघाला, की बहुधा तिथूनच संसर्ग शिजलेल्या मांसावर आला, आणि ते मांस शीतकपाटात न जाता उन्हाळ्याच्या उबेत कित्येक तास बाहेर राहिले. अनुकूल उबेत हा जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. पाच तासांत पंधरा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे बत्तीस हजारांहून अधिक. निरोगी माणसाच्या पोटातले आम्ल यातल्या बऱ्याच जंतूंचा निकाल लावते. सत्तरी-ऐंशीच्या, अनेक औषधांवर असलेल्या माणसाच्या पोटात ते बळ नसते, आणि जुलाबांनी शरीरातले पाणी गेले की दोन दिवसांत खेळ आटोपतो.

अशी घटना घडली की बोट पहिल्यांदा स्वयंपाक्याकडे जाते. त्याने हात धुतले नसतील, मांस बाहेर ठेवले, कोंबडीचा सुरा मांसाला लावला. यातले काहीही खोटे असेलच असे नाही. स्टॅनली रॉइडच्या कर्मचाऱ्यांकडून चुका झाल्या, हे चौकशी समितीनेही स्पष्ट म्हटले. पण रुग्णालये, अनाथालये, वृद्धाश्रम अशा ठिकाणच्या सामुदायिक स्वयंपाकाचा गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. जिथे जिथे आपण आचाऱ्याच्या अंगावर, जातीवर, स्वभावावर नजर रोखली तिथे दुर्घटना पुन्हा झाली. आणि जिथे नजर अन्नावर, म्हणजे ते किती वेळ कोणत्या तापमानात कुठे पडून होते यावर वळली, तिथेच ती टळू लागली. माणसाची शुचिता तपासणे सोपे असते, व्यवस्थेची तपासणी महाग पडते. म्हणून पहिलीचा मोह सुटत नाही.

या विषयातला एक जुना आणि बोलका पुरावा क्रिमियन युद्धातला आहे. १८५५ साली लंडनच्या रिफॉर्म क्लबचा पूर्वीचा नामांकित आचारी अलेक्सी सोयर स्वखर्चाने तुर्कस्तानात स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात गेला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल तिथे आधीच काम करत होत्या. रुग्णालयाचे अन्न इतके वाईट का, याचे उत्तर त्याने आचाऱ्यांच्या नखांत शोधले नाही, तो थेट कढयांपाशी गेला. तिथली तांब्याची भांडी कल्हई उडालेली होती. प्रत्येक वॉर्डाचे मांस वेगळे ओळखू यावे म्हणून शिपाई ते लाकडाच्या तुकड्यांना घट्ट बांधून, खुणेसाठी चिंध्या नाहीतर बटणे अडकवून एकाच कढईत टाकत. बांधणी इतकी करकचून, की बाहेरून मांस शिजून चोथा झाले तरी आतला गाभा कच्चाच राही. सोयरने बांधणी सैल करायला लावली, भांड्यांना कल्हई करवली आणि स्वयंपाक शिकवून तयार केलेल्या माणसांच्या हाती कढया दिल्या. एवढ्याने अन्न बदलले. शिपाई तेच, मांस तेच, पाणीही तेच. कोणाचा हिस्सा कोणता हे ठरवण्याची एक कारकुनी सोय रुग्णाला कच्चे मांस खाऊ घालत होती, आणि हे एखाद्या आचाऱ्याला झापून कधीच सुधारले नसते.

सोयरच्या काळी जंतू हे रोगाचे कारण आहेत हे सिद्ध झालेले नव्हते. पुढच्या पन्नास वर्षांत ते झाले. १९०२ साली रोबर्ट कॉख यांनी जाहीरपणे मांडले, की विषमज्वरातून बरा झालेला, वरून ठणठणीत दिसणारा माणूसही त्याचे जंतू अंगात वागवू शकतो. विज्ञानाच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते, पण स्वयंपाकघरांच्या इतिहासात त्याचा पहिला परिणाम विपरीत झाला. आरोपी शोधण्याच्या जुन्या सवयीला प्रयोगशाळेचे बळ मिळाले. मेरी मॅलन या आयरिश स्वयंपाकिणीची हकीकत जगभर सांगितली जाते, 'टायफॉइड मेरी' हे कुचेष्टेचे नावही तिला चिकटले. १९०६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या ऑयस्टर बे इथे एका श्रीमंत कुटुंबाच्या भाड्याच्या घरातल्या अकरापैकी सहा जणांना विषमज्वर झाला. जॉर्ज सोपर या आरोग्य अभियंत्याने माग काढत तिला गाठले. १९०७ मध्ये तिला पकडून नॉर्थ ब्रदर बेटावरच्या रुग्णालयात एकटे ठेवण्यात आले. पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर १९१० साली सोडले आणि धुलाईच्या कामाला लावले. त्या कामाची मजुरी स्वयंपाकिणीच्या पगारापेक्षा कितीतरी कमी होती. १९१५ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या स्लोन प्रसूतिगृहात पंचवीस जणांना विषमज्वर झाला, दोघे दगावले. तिथल्या मुदपाकखान्यात 'मिसेस ब्राउन' या नावाने काम करणारी बाई मेरीच निघाली. त्यानंतर १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती त्याच बेटावर राहिली.

मेरीने दिलेला शब्द मोडला, दोन जीव गेले, यात शंका नाही, आणि तिची बाजू घेताना तो दोष पुसता येत नाही. पण या प्रकरणातले दोन तपशील सहसा सांगितले जात नाहीत. पहिला असा, की ऑयस्टर बेच्या घरात शिजवलेले गरम अन्न रोग पसरवू शकले नसते, हे स्वतः सोपर यांनीच ओळखले होते. त्यांचा संशय होता ताजी पीच फळे चिरून घातलेल्या आइस्क्रीमवर. म्हणजे प्रश्न स्वयंपाकीण कोण यापेक्षा हात लागल्यानंतर कोणता पदार्थ विस्तवावर जातो आणि कोणता जात नाही, हा होता. त्या दिशेने विचार झाला असता, तर मेरीला न शिजणाऱ्या पदार्थांपासून दूर ठेवून कामावर ठेवण्याचा, नाहीतर निदान स्वयंपाकिणीएवढा पगार देऊन दुसऱ्या कामाला लावण्याचा मार्ग खुला होता. दुसरा तपशील आकड्यांचा आहे. बेटावरच्या पहिल्या मुक्कामात तिच्या मलाचे १६३ नमुने तपासले गेले, त्यांतल्या १२० मध्ये जंतू सापडले. उरलेल्या ४३ मध्ये सापडले नाहीत. वैद्यकाच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या वाहकाची तपासणीसुद्धा दर चारातून एकदा निर्दोष आली. नोकरीवर घेताना एकदा, किंवा वर्षातून एकदा तपासून प्रमाणपत्र देण्याच्या पद्धतीवर किती भिस्त ठेवावी, याचे उत्तर १९०९ सालीच हाती होते. शिवाय मेरी काही एकटी नव्हती. न्यूयॉर्कमध्ये पुढे असे शेकडो निरोगी वाहक नोंदवले गेले, आणि त्यांतल्या बाकीच्यांना जन्मभर बेटावर राहावे लागले नाही. जन्मभराची शिक्षा गरीब, परदेशातून आलेल्या, एकट्या बाईच्या वाट्याला आली. शहराला आरोपी मिळाला. स्लोनच्या मुदपाकखान्याच्या कारभाऱ्यांनी नव्या स्वयंपाकिणीची काय चौकशी केली होती, कच्चे पदार्थ कोण हाताळत होते, हात धुण्याची सोय कुठे होती, हे प्रश्न मात्र मागे पडले.

मराठी वाचक इथे एक रास्त शंका घेईल. आपल्याकडे सोवळे होते. स्वयंपाकाआधी आंघोळ, धूतवस्त्र, उष्ट्या-खरकट्याचा विटाळ, शिळे न खाण्याचा नेम हे सगळे जंतू माहीत नसतानाही आरोग्याचेच नियम नव्हते काय? यातला काही भाग मान्य केलाच पाहिजे. केलेले अन्न तेव्हाच गरम वाढणे आणि उरलेले दुसऱ्या दिवसासाठी न ठेवणे या सवयीने आपल्या घरांत असंख्य आजार टळले असतील, आणि स्टॅनली रॉइडच्या मांसाला नेमका हाच नियम हवा होता. पण सोवळ्याचा केंद्रबिंदू अन्न नव्हते, माणूस होता. शिजवणारा कोण, शिवणारा कोण, कोणाची सावली कुठे पडली, यावर अन्नाची शुद्धता ठरत होती. विहिरीचे पाणी गढूळ असो की नितळ, ते कोणी काढले हे महत्त्वाचे होते. १८९७ च्या प्लेगात मुंबईत आणि पुण्यात धर्मांची आणि जातींची वेगवेगळी रुग्णालये निघाली, त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक हेच होते, की परक्या हातचे अन्नपाणी मरणाच्या दारातही चालत नव्हते. ज्या नेमाने शिळे टाकायला शिकवले, त्याच नेमाने आजाऱ्याला उपाशी ठेवले आणि लाखो माणसांना चुलीपासून दूर लोटले. न्यूयॉर्कमध्ये आयरिश बाईकडे आणि पुण्यात परजातीच्या हाताकडे पाहण्याची रीत एकच होती: घाण माणसात असते, ही. जंतूला मात्र जात कळत नाही. त्याला उब, ओल आणि वेळ मिळाला की पुरे.

आता पुन्हा वेकफील्डकडे. १९८४ चा तो मुदपाकखाना १८६५ साली बांधलेला होता, आणि रुग्णालय तर १८१८ साली गरीब वेड्यांसाठी उघडलेला आश्रय होता. एवढ्या जुन्या जागेत कच्चे आणि शिजलेले वेगळे ठेवायचे म्हटले तरी कुठे आणि कसे? बाहेरची खानावळ अशा अवस्थेत सापडती, तर नगरपालिकेच्या निरीक्षकाने मालकाला कोर्टात खेचले असते. रुग्णालयाला मात्र कोणी हात लावू शकत नव्हते, कारण १९४८ साली ब्रिटनची रुग्णालये राष्ट्रीय आरोग्य सेवेत गेली आणि सरकारी मालमत्ता झाली. राजसत्तेला स्वतःचेच कायदे बांधत नाहीत, या जुन्या तत्त्वाने अन्नस्वच्छतेचे नियम त्यांना लागू होईनासे झाले. निरीक्षक आत येई तो बोलावले तर, सल्ला देई तो ऐकला तर. आरोग्य खाते परिपत्रके काढून नियम पाळायला सांगत होते, पण परिपत्रक मोडले म्हणून कोणालाही दंड होत नव्हता. या संरक्षणाने कोणाचे रक्षण केले, ते पाहा. धडधाकट गिऱ्हाईक ज्या चहाच्या दुकानात दोन पाव खाऊन जाईल, त्या दुकानाला कायदा होता. ज्या वृद्धाला दुसरीकडे जेवायला जाताही येत नाही, समोर आलेले नाकारताही येत नाही आणि चव बिघडल्याचे नीट सांगताही येत नाही, त्याच्या ताटाला मात्र कायदा नव्हता.

चौकशी समितीचा अहवाल १९८६ च्या सुरुवातीला आला. त्यात मुदपाकखान्याच्या दुरवस्थेवर आणि व्यवस्थापनावर कडक ताशेरे होते. त्याच वर्षी संसदेने कायदा करून रुग्णालयांचे हे कवच काढून घेतले आणि फेब्रुवारी १९८७ पासून अन्नस्वच्छतेचे नियम त्यांना इतरांसारखेच लागू झाले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हा आहे. एकाही आचाऱ्याचे हात त्या दिवशी अधिक स्वच्छ झाले नाहीत, पण शीतकपाट बिघडले तर ते दुरुस्त न करणारा अधिकारी पहिल्यांदाच कायद्यापुढे उभा राहू शकत होता. पैसा, जागा आणि माणसे पुरवण्याची जबाबदारी ज्याची, जाबही त्याचाच, हे तत्त्व एकोणीस जीव गेल्यावर मान्य झाले.

त्याच्या कितीतरी आधी दुसऱ्या एका क्षेत्रातून विचारांची नवी रीत तयार होऊ लागली होती. १९६० च्या आसपास अमेरिकेत अंतराळवीरांसाठी अन्न बनवायचे काम पिल्सबरी कंपनीने नासा आणि लष्कराच्या प्रयोगशाळेसह हाती घेतले. अवकाशात कोणाला जुलाब लागले तर उपाय नाही, म्हणून अन्न पूर्ण सुरक्षित हवे होते. तयार डबे तपासून खात्री करायची, तर बहुतेक डबे तपासणीतच संपले असते. म्हणून त्यांनी उलटी वाट धरली. कच्च्या मालापासून ताटापर्यंत कोणत्या पायरीवर धोका आहे ते आधी शोधायचे, त्या पायरीवर तापमान किंवा वेळेची मर्यादा ठरवायची आणि तिथेच दररोज मोजून नोंद ठेवायची. हॅसप नावाने ही पद्धत १९७१ मध्ये जाहीर झाली आणि १९९३ मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मंडळाने ती मार्गदर्शक म्हणून स्वीकारली. रुग्णालयाचा रुग्ण आणि अंतराळवीर यांची स्थिती इथे सारखीच आहे: दोघांनाही समोर आले ते खाण्यावाचून गत्यंतर नाही आणि बिघडले तर दोघांनाही ते झेपणार नाही. स्टॅनली रॉइडमध्ये ही पद्धत असती, तर भाजलेले मांस किती वाजता भट्टीतून निघाले आणि किती वाजता शीतकपाटात गेले, हे कागदावर दिसले असते, आणि तो रकाना रिकामा पाहून कोणीतरी ते मांस टाकून दिले असते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. व्यवस्था, नोंदी, तापमापक सगळे ठीक, पण शेवटी शौचाहून आल्यावर साबणाने हात धुवायचे की नाही हे त्या एका माणसावरच अवलंबून आहे; जबाबदारी व्यवस्थेवर ढकलली तर तो निर्धास्त होईल. नोरोव्हायरससारखे विषाणू अन्नात वाढत नाहीत, हातावरून थेट पोटात जातात, तिथे शीतकपाट काय करणार? हे खरे आहे, आणि हात धुण्याचे महत्त्व तिळमात्र कमी नाही. पण हात धुण्यासाठी मुदपाकखान्यातच वेगळे बेसिन लागते, भांड्यांच्या मोरीवर रांग लावून कोणी दिवसातून वीसदा हात धूत नाही. साबण लागतो, पुसायला कोरडे काही लागते, आणि दोनशे ताटांची घाई असताना अर्धे मिनिट मोकळे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जुलाब होत असलेल्या माणसाने ते सांगून घरी बसावे आणि जुलाब थांबल्यावरही ४८ तास परत येऊ नये, असा ब्रिटनमध्ये दंडक आहे. रोजंदारीवरची आचारीण तो पाळेल केव्हा? तिची तीन दिवसांची मजुरी बुडणार नसेल तेव्हाच. आजार लपवणे हा तिचा स्वभाव नसतो, तो तिचा हिशेब असतो. मेरी मॅलनचाही तोच हिशेब होता. तो हिशेब बदलायचा अधिकार स्वयंपाकघराच्या मालकाला आहे, तिला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तज्ज्ञ अहवालात स्पष्टच म्हटले, की अन्न हाताळणाऱ्यांची नोकरीपूर्व किंवा ठरावीक मुदतीने केलेली वैद्यकीय तपासणी अन्नजन्य रोग रोखायला उपयोगी ठरत नाही. त्याऐवजी प्रशिक्षण द्या आणि आजार कळवण्याची सोय करा. तरीही आपल्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमावलीच्या चौथ्या अनुसूचीत दरवर्षी वैद्यकीय तपासणी करून प्रमाणपत्र ठेवण्याची अट आहे. त्याच अनुसूचीत तापमान, पाणी, साठवण, आजारी कर्मचाऱ्याला कामापासून दूर ठेवणे यांचेही नियम आहेत, हे इथे सांगायला हवे. गरम अन्न किती गरम आणि थंड अन्न किती थंड राहावे, याची मर्यादा आपल्याकडेही घातलेली आहे. पण कागदी प्रमाणपत्र दाखवणे सोपे म्हणून तेच भिंतीवर लागते आणि तापमापक खणात राहतो. एका बाबतीत मात्र आपला कायदा १९८४ च्या ब्रिटनपेक्षा कितीतरी पुढे आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने अन्नव्यवसायाची व्याख्या करताना तो नफ्यासाठी असो वा नसो, सरकारी असो वा खासगी, असे स्पष्ट म्हटले आहे. धर्मादाय न्यासाचा वृद्धाश्रम, सरकारी रुग्णालय, अनाथालय यांपैकी कोणालाही 'आम्ही सेवा करतो, आम्हाला नियम कसले' असे म्हणण्याची सोय नाही.

कोणी म्हणेल, पंचवीस-तीस आजी-आजोबांचा आश्रम देणग्यांवर चालतो, त्याच्यावर हॅसपच्या नोंदवह्या लादल्या तर तो बंद पडेल. लहान संस्थेवर कारखान्याचा कागदी कारभार लादू नये, हे मान्य. पण तिला लागणाऱ्या गोष्टी महाग नाहीत: एक तापमापक, कच्च्या मांसासाठी आणि भाजीसाठी वेगळे सुरे-पाट, स्वयंपाक उतरल्याची वेळ लिहायला एक फळा, हात धुण्याचे वेगळे बेसिन, आणि आजारपणात पगार न कापण्याचा एक ठराव. देणगीदार सभागृहावर आपल्या आईच्या नावाची पाटी लावायला लाखो रुपये देतात. तेच एकदा शीतकपाटासाठी आणि आचारणींच्या भरपगारी रजेसाठी द्यावेत.

आपले कोणी वृद्धाश्रमात, रुग्णालयात किंवा वसतिगृहात असेल, तर पुढच्या भेटीत स्वयंपाकघर पाहू द्या म्हणून विनंती करा. आचाऱ्याच्या नखांकडे पाहण्याआधी कारभाऱ्याला विचारा: दुपारची आमटी किती वाजता उतरली आणि रात्री तीच वाढणार असाल तर मधल्या वेळात ती कुठे असते? शीतकपाटाचे तापमान आज कोणी लिहिले? आणि स्वयंपाकाच्या बाईंना उद्या जुलाब लागले, तर त्यांचा पगार कापला जाईल का?